राक्षसाची शिफ्ट

हा आपला लेथवरचा रशीद टर्नर आता मान खाली घालून चहा पितोय, पण घरोघरी टीव्ही नव्हते तेव्हा आकुर्डीच्या कामगार वाचनालयात याच्याएवढा गाजलेला लेखक नव्हता, राव!

झालं काय, याच्या धाकटीनं वाचनालयातल्या जादूच्या कादंबरीची शेवटची पानं फाडली. ग्रंथपाल जोशींच्या तोंडाच्या पट्ट्याला घाबरून यानं शेवट स्वतःच छापल्यासारख्या अक्षरात लिहिला, पानं चिकटवली आणि पुस्तक गुपचूप परत केलं. याच्या शेवटात राजपुत्र तलवार उपसतच नाही. पहाऱ्यावरच्या राक्षसाची शिफ्ट सुटते, दुसरा हजेरी लावून येईपर्यंत राजपुत्र राजकन्येला घेऊन पसार!

पुस्तकाला ही रांग लागली. "काय डोकं चालवलंय लेखकानं!" म्हणत फिटर लोक कॅन्टीनमध्ये तो शेवट वाचून दाखवायचे. रशीद आपला भात कालवत बसायचा.

शेवटी चिकटवलेली पानं जोशींच्या ध्यानात आली आणि त्यांनी वैतागून नवी कोरी प्रत मागवली. आमच्या मोरे फोरमननी ती नेली आणि दुसऱ्याच दिवशी टेबलावर आपटली.

"जोशी, ही बोगस आहे. जुनीच द्या."

"अहो, हीच खरी! लेखकानं लिहिलेली!"

"खरी कसली? एकच राक्षस तिन्ही शिफ्टला उभा! लेखकानं कधी कंपनी तरी बघितलीय का?"