पाचवा भाग, तिसऱ्यांदा

(दुपार. बाळ नुकतंच झोपलंय. सासू मटार सोलतेय. टीव्ही लावायची सुनेची तयारी.)

सून : आई, हाच भाग काल पाहिला आपण. परवाही.

सासू : माझं मधलं राहिलं. दूध बघायला उठले होते ना.

सून : पाच मिनिटांत काय राहतंय?

सासू : पहिल्या दिवशी दूध बघून आले, तर घड्याळवाल्याचा खून होऊनही गेला होता. आमच्या मालिकेत कुकर लावून शेजारी जाऊन आलं, तरी बाई अजून जिन्यातच असते.

सून : म्हणून तर हिला लघुमालिका म्हणतात. गोष्ट आधीच पूर्ण ठरलेली, भाग मोजके. हिचे सहा.

सासू : आणि लोकांना आवडली तर?

सून : तरी सहाच.

सासू : भारीच ताठ की. अगदी माझ्यासारखी. बाळ तीन महिन्यांचं झालं की निघेन म्हटलं होतं, तर या रविवारी निघतेच आहे.

सून : विषय बदलू नका. खुनी कोण वाटतो?

सासू : मला काय माहीत? पाचवा कुठे धड बघितलाय.

सून : मग सकाळी बाळाला न्हाऊ घालताना कोण म्हणत होतं, ‘त्या टोपीवाल्या भाच्यावर नजर ठेव रे सोन्या’? तो भाचा पाचव्याच्या अगदी शेवटी येतो.

सासू : दाराआडून ऐकतेस होय गं, चहाटळ.

सून : दोनदा शेवटपर्यंत बघूनही तिसऱ्यांदा लावायला सांगताय. का?

सासू : सहावा झाला की संपलंच ना. मग रविवारपर्यंतच्या दुपारी नुसतं एकमेकींकडे बघत बसायचं. आणि पुढे तिकडे एकटीनं टीव्हीकडे.

सून : मला वाटलं, तुम्हाला घरची ओढ लागलीय. बॅग कालपासून दाराशी आहे.

सासू : ती तुझ्या नवऱ्यानं काढून ठेवली. मला वाटलं, तूच सांगितलंस.

सून : मी? सोमवारी मला कामावर जायचंय, बाळाला कुणाकडे ठेवू? तिकीट रद्द कर म्हणून त्याच्या मागे लागलेय चार दिवस. तो म्हणतो, आईला तू विचार. मला धीर होईना. ठरलेलं मोडलेलं तुम्हाला खपत नाही.

सासू : वेडी कुठली. तुम्ही कुणी विचारलंतच कुठे?

सून : मग आता विचारते. राहता?

सासू : तो रिमोट घे. सहावा लाव.

सून : लावते.

सासू : थांब जरा. आधी दूध उतरवून येते.