सुशीला मावशीचं प्रेशर

इब्रामपूरचं आरोग्य उपकेंद्र मी पर्यवेक्षिका म्हणून बघते; तिथे परवा जे झालं, त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतात, आणि नर्स लसीकरणाला गावात गेली की उपकेंद्रात प्रेशर तपासायला कोणीच नसतं. म्हणून मी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर दामू आणि झाडलोट करणारी सुशीला मावशी, दोघांनाही ते शिकवायला घेतलं होतं.

दामूने मावशीच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली आणि म्हणाला, "मॅडम, दोनशे दहा."

"दामू, टायर नव्हे तो, हवा बेतानं भर," मी हसले. मग स्वतः दोनदा मोजलं. दोनशे दहाच!

"मावशे, तुझं डोकं दुखत नाही?"

"दुखता मगे. रोज."

"मग डॉक्टरांना सांगितलं का नाहीस? अकरा वर्षं त्यांचं टेबल पुसतेस तू!"

"मी रांगेत बसलंय तर लादी कोण पुसतलो गो बाय?"

मी पट्टा सोडला आणि तालुक्याच्या हॉस्पिटलात फोन लावला. तोवर दामूने गाडी दारात आणलीसुद्धा. "चल मावशे, बस बेगीन."

मावशी उठली आणि सरळ बादलीकडे वळली. "थांब रे, लादी ओली आसा. पेशंट कोणतरी निसरान पडतलो!"