तक्रार केली की अध्यक्ष!

...आणि मी म्हणालो काय होतो हो? "पॅनकेक जरासा करपलाय," बस्स, एवढंच! तर आमच्या सेवा क्लबाच्या प्रेसिडेंटने, त्या व्हर्ननने, टणकन घंटा वाजवली, "मर्ल, पॅनकेक कमिटीचा अध्यक्ष तू!" झालं! तेव्हापासून अग्निशामक बंबासाठी पॅनकेक विकून वर्गणी जमवायची म्हटली की मी आपला पहाटे उठून पीठ घोटतोय! आयोवातलं हे आमचं एवढंसं गाव, पण क्लबाचा नियम म्हणजे नियम, तक्रार केली की अध्यक्ष! ग्रंथालयाचं छप्पर गळतंय म्हणालात? व्हा छप्पर कमिटीचे अध्यक्ष! बर्फावरून पाय घसरला म्हणालात? घ्या फावडं!

त्यामुळे काय होतं, दर मंगळवारी दुपारी चर्चच्या तळघरात आम्ही जमतो, आधी बेसूर गाणं म्हणतो, मग हॅम आणि उकडलेल्या शेंगा, मग बागेतली बाकं हिरवी रंगवायची की तपकिरी यावर तेच ते जुनं भांडण, आणि शेवटी व्हर्नन विचारतो, "कुणाची काही तक्रार?" की सगळ्यांच्या माना ताटात! कुणी खोकतसुद्धा नाही!

त्यात माझ्या आर्डिसला, म्हणजे बायकोला, झटका आला हो. एक अंग लुळं पडलं, वाचा बसली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शनिवारी घरी सोडतो, पण चाकाच्या खुर्चीतून. खुर्ची घरात जाईल ना? नसेल तर सरळ वृद्धाश्रमात जागा बघा." आणि माझ्या दाराला ह्या एवढ्या पायऱ्या! आता मला सांगा, जन्मभर मी क्लबाबरोबर लोकांच्या दारात खुर्चीसाठी लाकडी रॅम्प ठोकत फिरलो, पण स्वतःसाठी मागायचं? जीभच रेटेना! एकट्यानं करावा तर गुडघे धड नाहीत. त्या मंगळवारी मी आपला ताटातल्या हॅमचे तुकडे करत बसलो!

व्हर्नननं विचारलं, "कुणाची काही तक्रार?" माना ताटात गेल्या... आणि खुर्ची सरकल्याचा आवाज झाला! लव्हॉनबाई उभ्या! आम्हा सगळ्यांना शाळेत शिकवलंय हो त्यांनी. म्हणाल्या, "माझी तक्रार आहे. त्या मर्लच्या घराच्या पायऱ्या! लाज आणलीय गावाला!"

"बाई, रॅम्प कमिटीच्या अध्यक्ष तुम्ही," व्हर्नन म्हणाला.

तोच डेल्मर उठला. अंत्यविधीचं दुकान आहे त्याचं, गावातली प्रेतं तोच उचलतो. "माझीपण तक्रार आहे! अरे मर्ल, त्या पायऱ्यांवरून एक दिवस तुला मलाच खाली उतरवायचंय! माझ्या कंबरेचा काही विचार?"

"तूही अध्यक्ष!" मग तिसरा उठला, चौथा उठला, जन्मात ज्यांनी ताटातून मान वर केली नाही ते उठले! आणि व्हर्नन? प्रेसिडेंटला तक्रार करता येत नाही, तर त्यानं घंटा शेजारच्याच्या हातात कोंबली आणि म्हणाला, "धर रे जरा, मलाही तक्रार करायचीय!" तुम्हाला सांगतो, मी आ वासून बघत राहिलो! अख्खं तळघर रॅम्प कमिटीचं अध्यक्ष झालं, तिथं साधा सभासद उरलो मी एकटा! रडलो हो मी, खुशाल रडलो, त्या शेंगांवर!

आणि शनिवारी! ज्यांना बाकांचा रंग ठरवता येत नाही, त्यांनी जेवायच्या आत रॅम्प उभा केला, कठड्यासकट! आर्डिसची गाडी आली. मी खुर्ची ढकलतोय, सगळे टोप्या काढून उभे. अर्ध्यात आल्यावर तिनं हात वर केला. थांबलो. तिनं कठड्यावरून चांगला हात फिरवला, सगळ्यांची तोंडं एकेक करून पाहिली, आणि इतक्या दिवसांत एक शब्द न बोललेली माझी बायको सावकाश म्हणाली, "कठडा... वाकडा... आहे."

मग व्हर्नन घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, कठडा कमिटीच्या अध्यक्ष तुम्ही!" आणि ती हसली हो! अर्ध्याच तोंडानं, पण हसली!

आता दर मंगळवारी क्लबाला जायला ती माझ्याआधी तयार होऊन बसते. आणि तिच्या कठडा कमिटीत एकच सभासद, मी! मी ठोकतो, ती म्हणते, "वाकडा," मी काढतो, पुन्हा ठोकतो! आणि खरं सांगू? कठडा पहिल्या दिवसापासून सरळ आहे! पाणसळ लावून बघितलाय मी, तिची पाठ वळल्यावर! पण हे तिला सांगायचं कसं? सांगितलं की ती झाली तक्रार... आणि पॅनकेकचं एक अध्यक्षपद मला पुरे आहे!