शेंडं कोन खुडतंय

आधी ते सांगा, नाव घालनार काय? घालू नका. निपानीच्या अंगची बाई म्हना, अनगोळात दिल्याली म्हना, बास झालं. मी बोलनार आनि तुमी लिवनार, आनि मी बोलले तेवढंच लिवलासा का वर पदरचं काय घातलासा ते मला कुठं कळायचं, मला वाचता येत न्हाय. हसू नका. मी अशीच हाय. कशी झाले ते सांगते, मग हसा.

माझी आई तंबाकूच्या वखारीत कामाला, आनि मी बी परकरात हुते तवापासनं तिच्यासंगं. तंबाकू चाळायची, शिरा येगळ्या करायच्या, नाकातोंडात धूळ, शिंकून शिंकून जीव जायाचा, आनि सांजेला सुटताना दारात एक बाई उभी असायची. ती काय करायची, आमची लुगडी चाचपायची, केस सोडायला लावायची, वटा झाडायला लावायची, तंबाकू चोरली का म्हनून. रोज. आईचं केस पांढरं झालं तरी रोज सोडून दावायचं. तर काय सांगू तुमाला, ज्येच्यावर रोज संशय घेतला त्येनं दुसऱ्यावर इस्वास कुठनं आनायचा? आई म्हनायची, बाई गं, चुलीवरचं दूध आनि आपला मानूस, दोनीवरचा डोळा काढू नको. ते मी गाठीला बांधून अनगोळात नांदायला आले.

आमचं मालक उद्यमबागेत फौंड्रीत, वाळूचं साचं करायचं काम. मानूस गरीब, बोलनं कमी, पर एक खोड, अंगारा, लिंबू, देवऋषी, असलं काय दिसलं की तापायचं. आमी बौद्ध, आमच्या घरात ते न्हायच, पर हे दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगायचं, अरं दाराला लिंबू बांधून काय हुतंय, पिळून सरबत करून प्या की. सारी गल्ली त्यांना बिचकून असायची. हे ध्यानात ठेवा, फुडं लागनार हाय.

मी नर्सरीत लागले, पानी घालायला. मालकीन न्हाय हं, कामाला. नर्सरीवाला आन्ना म्हनजे फुटकी कुंडी बी टाकायचा न्हाय, म्हनायचा ऱ्हाऊ दे, कवातरी कामाला येती. आनि त्योच आन्ना एक दिस म्हनला, ती मोरपंखी फेक उकिरड्यावर. मोरपंखी ठावं हाय न्हवं, चपट्या हिरव्या पंखावानी पाला असतोय, शाळंतली पोरं विद्या म्हनत्यात तिला, शेंडा तोडून पुस्तकात घालत्यात, विद्या येती म्हनून. ही डालड्याच्या डब्यात लावल्याली, डब्याला भोक एकच आनि ते मुळानं बुजल्यालं, आत पानी तुंबून तुंबून एका अंगानं पार तांबडी झालती. पर फेक म्हनला आनि माझ्या मनात पाल चुकचुकली. फुटकी कुंडी ठेवनारा मानूस झाड फेकतोय? म्हनजे मी फेकनार, मागनं हा उचलनार, जगवनार आनि इकनार. म्हनून मी ती घरी नेली. दयाबिया काय न्हाय, खरं ते सांगते.

त्या नर्सरीत क्याम्पातल्या एक कर्नलबाई यायच्या. त्यांच्या बंगल्यावर मी माती पोचवायला गेलते तवा बघितलं, ताटाएवढ्या कुंडीत वडाचं झाड, पारंब्यांसकट, आनि उंची माझ्या कोपराएवढी. बोन्साय म्हनायच्या. मला काय पटलं न्हाय, म्हनलं ह्येच्यात औषिध असनार, न्हायतर वड आनि असा ऱ्हाईल? त्या अर्ध्या हिंदीत अर्ध्या मराठीत म्हनल्या, औषिध नही, मुळं कातरायची, फांदीला वळन द्यायचं, आनि रोज बघायचं. रोज बघायचं म्हनल्यावर मला बरं वाटलं. ते मला येतंय.

डबा कापला तर आत मुळांचा नुसता आंबाडा, गोल गोल गुंडाळल्याला. काळी कुजकी मुळं काढली, भाईरली कातरली, आत पांढरी जिती हुती ती ऱ्हाऊ दिली. खानापूरच्या कुंभाराकडनं पसरट परळ आनलं, बुडाला भोकं पाडून, त्यात इटंचं खडं, मार्कंडेय नदीची वाळू, वाईच शेनखत. तांबडी झाल्याली फांदी मी तोडनार हुते, कर्नलबाई म्हनल्या तोडू नको, साल काढ, पांढरी ठेव, झाडाला वय दिसतंय. आनि मालकांनी पान्याच्या मोटारी बांधायच्या दुकानातली जुनी तांब्याची तार आनून दिली. मी इचारलं कुठनं आनली, म्हनलं मागून आनली. मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्या दुकानवाल्याला इचारून आले. मागूनच आनलती. तार खोडाला गुंडाळून झाड वाईच कलतं केलं आनि भिंतीवर सावलीत ठेवलं.

त्याच साली आई गेली. आनीबानी उठल्यानंतरची गोष्ट. सांगावा आला तसं आमी दोघं स्टँडवर पळालो, आनि मालकांनी मला निपानीची म्हनून गोकाकच्या गाडीत बसवलं. दोघं बी अडानी, कंडक्टर कानडीत वरडतोय, गर्दी, गाडी सुटायली म्हनून चढलो. कळंस्तवर निम्मी वाट गेलती. परत फिरून निपानीला पोचलो तवर आई मातीत गेलती. मी तिचं तोंड बघितलं न्हाय. तितं साऱ्या भावकीच्या म्होरं मी म्हनलं, डोळं असून आंधळा मानूस माझ्या पदरात पडला. म्हनलं. म्हननारच की. मालक खाली बघून बसलं.

आनि त्येच्यानंतर दोन गोष्टी सुरू झाल्या. एक म्हनजे मालक कामावरनं सरळ घरी यायचं ते दिवं लागून गेल्यावर यायाला लागलं. इचारलं तर, काम हुतं. आनि दुसरं, माझ्या मोरपंखीला पावसात कवळं हिरवं शेंडं फुटलं, आनि ते शेंडं कोनतरी खुडायला लागलं. आज ह्या फांदीचा, उद्या त्या फांदीचा. मी तर एक पान हाताला लावत नव्हते, म्हनलं मरता मरता जगलंय, वाढू दे. आनि ह्यो कोन मुडदा खुडतोय?

पयला संशय शेजारच्या शांताक्काच्या शेळीवर. पर शेळी फांदी वरबाडती, असं नखानं खुडत न्हाय. मग शाळंतल्या पोरांवर. त्यांना मालकांनीच एकदा दारात उभं करून सुनावलं हुतं, पाल्यानं विद्या येत असती तर साऱ्या शेळ्या मास्तर झाल्या असत्या. पोरं पळाली ती परत आली न्हाईत, मी लपून बघितलं. मग आन्नावर. वाटलं मागं लागून झाड मारतोय, मी जगवलं म्हनून. पर त्यो तिकडं नर्सरीत, हितं कवा येनार? मालकांवर संशय आलाच न्हाय. ती फौंड्रीतली बोटं, भाजल्याली, जाडजूड, त्यांना भाकरीचा पापुद्रा नीट निघत न्हाय.

एक दिस मी झाड पाटीत घालून बाईंना दावायला नेलं, म्हनलं बघा, कोन मारायलंय माझ्या झाडाला. त्यांनी चष्मा लावला, झाड फिरवून फिरवून बघितलं, आनि मी तोंड उघडायच्या आत म्हनल्या, शाब्बास, कोनी शिकवलं तुला? कात्री लावली असती तर शेंडं तांबडं पडलं असतं, हे बोटानं खुडलंय, फकस्त टोक, म्हनून आतनं दाट फुटायलंय. मी बघितलं तर खरंच, झाड गच्च झालतं, झिपरं नव्हतं. मी काय म्हनले असंल? म्हनले, मीच केलं. बाई लई खूश. पर वाटंनं येताना मी पाटी उतरून परत एकेक शेंडा बघितला. चोर झाडावर माया करतोय. ही कसली चोरी?

आनि त्याच आठवड्यात मालकांचा सदरा धुताना खिशात मोरपंखीचा शेंडा सापडला. कवळा, ताजा.

आता तुमीच सांगा, बाईच्या मनात काय येईल? मोरपंखी हारात लागती, गुच्छात लागती. खासबागात गंगव्वा म्हनून फुलवाली बसायची, नवरा न्हाय, बोलायला गोड, आनि मालकांचं येनं-जानं त्याच वाटंनं. माझ्या डोस्क्यात सारं जुळलं. माझं झाड खुडून तिच्या हाराला शोभा. मी फुगल्यालं तोंड घिऊन तिच्या म्होरं जाऊन बसले आनि एकेक हार उचलून बघायला लागले, माझी मोरपंखी कुठं दिसती का. ती म्हनली, येन बेकव्वा? म्हनजे, काय पायजे बाई. मी कानडीतच म्हनले, माझा नवरा बेकु. ती आधी हसली, मग माझं तोंड बघून हातातला हार खाली ठिवला. म्हनली, तुझा नवरा व्हय त्यो, मान खाली घालून जातोय त्यो? आजवर एक गजरा घेतला न्हाय त्येनं. रोज शाळंच्या बोळात वळतोय. मी म्हनले, बोळात कोन ऱ्हातंय? ती म्हनली, जाऊन बघ की.

मला तिचं बी खरं वाटलं न्हाय. पर मी ट्रंकंत माझी दोन लुगडी भरली हुती, निपानीला भावाकडं जायाचं ठरवलं हुतं, म्हनलं जाताना डोळ्यानं बघून जाऊ, म्हनजे मागनं कोन मला खोटं पाडनार न्हाय. सांजेला मालकांच्या मागनं गेले, पदर तोंडावर घिऊन. बोळ संपला की शाळा. शाळंत कंदील. खिडकीतनं बघितलं तर जमिनीवर बापय मानसं बसल्याली, हमाल, गवंडी, एक टांगेवाला, मिशा पिकल्यालं म्हातारं, साऱ्यांच्या मांडीवर पाटी. प्रौढ शिक्षनाचा वर्ग म्हनत्यात न्हवं, त्यो. आनि आमचं मालक कडंला, जीभ दातात धरून लिवायलंय. मग त्यांनी हिकडं तिकडं बघितलं, कोन बघत न्हाय न्हवं, आनि खिशातनं माझ्या मोरपंखीचा शेंडा काढला, आनि हळूच पुस्तकात घातला, आनि वरनं हात दाबून धरला.

ज्या मानसानं साऱ्या गल्लीचं लिंबू सोडवलं, त्यो मानूस.

मला आधी हसू आलं. मग मास्तर म्हनला, बोला, तुमचा शब्द, तुमीच मागितला हुता लिवून. मालक उभं ऱ्हायलं, घाम आलता कपाळाला, आनि फळ्याकडं बघून म्हनलं, नि. मग बोटानं हवेत अक्षर गिरवलं. मग म्हनलं, पा. मग नी. मास्तर म्हनला, एकदम म्हना. तर म्हनलं, निपानी. मी तितंच भिंतीला टेकून खाली बसले. रडले. आईचं तोंड दिसलं न्हाय तवा बी एवढी रडले नव्हते.

घरी येऊन ट्रंकंतली लुगडी काढून घडीनं ठेवली. काय बोलले न्हाय. बोलले असते तर त्यांची मान कायमची खाली गेली असती, आनि मलाबी ते शेळ्यांचं बोलनं आठवून हसू आवरलं नसतं. पर सकाळी उठून परळ भिंतीवरनं काढलं आनि उंबऱ्यापशी कट्ट्यावर ठेवलं, त्यांच्या हाताला यील असं. मालकांनी इचारलं, हितं कशाला? म्हनले, हितं ऊन बरं लागतंय. आनि मालक कामावर निघालं की मी आत जाऊन भांडी वाजवायची. त्यांना सवड मिळावी म्हनून.

मालक निपानी वाचाय शिकलं आनि स्टँडवर गेलं तर गाडीवरची पाटी कानडीत! मराठी पाटीची महाराष्ट्राची गाडी येईस्तवर बसून ऱ्हायलं बिचारं, पर नीट त्याच गाडीत बसून घरच्या गाडीवानी गेलं आनि आलं.

फुडं काय वर्सांनी क्याम्पात फुलांचं प्रदर्शन भरलं, आनि बाई म्हनल्या तुझी मोरपंखी ठेवू. बुंधा तवर मनगटाएवढा झालता, एका अंगाला ती पांढरी मेल्याली फांदी आनि दुसऱ्या अंगाला दाट हिरवा पाला, कलता, वाऱ्यात उभं ऱ्हायल्यावानी. झाडाम्होरं कागदाची पाटी लावायची हुती. बाई म्हनल्या, नाव तुझंच न्हवं? मी म्हनले, दोन वळी घाला. वर माझं, जगवलं म्हनून. आनि खाली आमच्या मालकांचं, शेंडं खुडलं म्हनून. बाईंनी पेन उघडलं. मग लिवलं, मराठीतच.

सांजेला मालक धुतल्याला सदरा घालून आलं. मी लांब उभी. झाडाम्होरं मानसं हुती, कोट घातल्याली, बाया इंग्रजी बोलनाऱ्या. मालक त्यांच्यात घुसलं, वाकलं, आनि मोठ्यानं, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं, अक्षर अक्षर लावून माझं नाव वाचलं. माझं नाव असं कोनी वाचलं नव्हतं आजवर. हाक मारली हुती, शिव्या दिल्या हुत्या, वाचलं नव्हतं. मग ते दुसऱ्या वळीवर आलं. व्हट हलत हुतं. आवाज न्हाय. कान तेवढं तांबडं झालं. मग म्हनलं, चल, उशीर हुतोय.

त्यांनी ती वळ वाचली का न्हाय, मला आजवर कळल्यालं न्हाय. मी इचारलं न्हाय, त्यांनी सांगितलं न्हाय. वर्ग संपून किती वर्सं झाली, पर शेंडं अजून जात्यात. आता कशाला लागत्यात? मला वाटतंय कानडी शिकायलंय कुठंतरी, गाडीच्या पाटीसाठी. इचारनार न्हाय. झाड बरं हाय, मानूस दिवं लागल्यावर का हुईना घरी येतोय, मला आनि काय पायजे? गंगव्वाकडनं मीच गजरा घेते आता, तिचं बी बरं हू दे.

तुमचं बी बरं हू दे, एवढं ऐकून घेतलासा. पर एक करा. हे सारं नीट लिवून आनलासा की मला देऊ नका, मालकांच्या हातात द्या. तुमी जावा मग. तुमच्याम्होरं नको. तुमी गेल्यावर मी त्यांना म्हननार, बसा हितं कट्ट्यावर, झाडापशी, आनि वाचून दावा. बघते कुठं गाळत्यात.