यंदाची चोवीस पुस्तकं

मी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचा नंबर काढायला बसले होते. शेजारी एक आई, थेंब टाकून डोळे मिटलेली, आणि मोबाइलवर बोट फिरवणारी तिची नोकरदार मुलगी.

"काय करून राहिली वं गुंजन?"

"वाचून राहिली. यंदा चोवीस पुस्तकांचं टार्गेट आहे ना, आई."

"दरसाल दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून ढीगभर पुस्तकं आणते. धूळ मात्र मलेच पुसा लागते."

"म्हणून तर ठरवलं. अकरा झाली."

"लवकर झाली."

"बारीक बारीक घेते ना. ऑफिस, पोरं, टाइम कुठं असते?"

"कालच्यात काय होतं?"

"ते... रोजच्या सवयींबद्दल होतं."

"कोणत्या सवयी?"

"चांगल्या."

"मोठी विदुषी झाली माय माही. अन् ते जाडं पुस्तक? मले वाचून दाखवणार होती तू."

"मोठ्यानं वाचलं की लय वेळ लागते. त्या एकात माझी चार होतात. ऑपरेशन झालं की तूच वाचशील ना."

"डॉक्टर काय बोलला, ऐकलं नाही काय? नजर परत येईनच असं नाही म्हणे."

मुलीचं बोट पुन्हा मोबाइलवर फिरू लागलं.

"ठेव तो मोबाइल. माह्या पिशवीत आहे ते, काढ."

"इथं? लोक बसले आहेत, आई."

"बसलेच आहेत. त्यायले कोणतं काम आहे?"

"बरं. पहिल्यापासून वाचू?"

"पहिलं मी वाचलं वं. मले जिथवर दिसलं, तिथं पान मुडपलं आहे. त्याच्या पुढून वाच."