कोरड्या दिवसाचा थाट

मोठ्या हॉटेलांना नावं ठेवू नका रे. जालन्यात नवा एसी बार झाल्ता, तिथं छाप पाडायला मी मस्तगडच्या मामांना घेऊन गेल्तो. वेटर म्हणाला, "सॉरी सर, आज ड्राय डे आहे."

"काय म्हणून राह्यला हा?" मामांनी मला विचारलं.

"कोरडा दिवस हाये म्हणतोय."

मामा लगेच उठले. "मंग चल. यांच्याकडंबी नळ आले न्हाईत!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेटर मात्र बिलकुल हसला न्हाई. बर्फ अन् लिंबाची फोड घालून त्यानं दोन उंच गिलास पाणी अदबीनं समोर ठेवलं. मामांनी दोन्ही संपवले.

"वा रे पठ्ठ्या! कोरड्या दिवशी हा थाट, मंग नळाच्या दिवशी तर तुम्ही गिऱ्हाइकाला आंघोळच घालत असाल!"