समोरच्याचा नवा प्रिंटर

प्रिंटर दुरुस्त करू का नवा घेऊ म्हणून डोकं धरून बसलायस, तर आधी माझं ऐक गड्या. औंधात माझं झेरॉक्सचं दुकान, आन समोरच संभाचं. गेल्या साली त्यानं नवा प्रिंटर आणला, हार घातला, नारळ फोडला आन पयला पेढा मलाच दिला. त्यो पेढा काय घशाखाली उतरंना. त्यात माझा जुना इंकजेट रंगीत फोटोवर पांढऱ्या रेघा मारायला लागला.

साताऱ्यासनं मेकॅनिक बोलावला. म्हणलं, "हा भंगारात घालतो. संभापेक्षा मोठा सांग."

त्यानं शाई सोडणारं हेड काढून धुतलं आन म्हणला, "आवं, मशीन चांगलं हाय. तुमच्याकडं गिऱ्हाईकच न्हाई, म्हणून बसून बसून शाई वाळली. नवा घेतला तरी त्योबी वाळंल. रोज एक रंगीत पान काढत जावा."

लय लागलं मनाला. पण तवापास्नं रोज दुकान उघडलं की मी आमच्या यमाईदेवीचा एक रंगीत फोटो काढतो आन गपचिप खणात ठेवतो.

परवा संभा चहा घेऊन आला. बराच येळ घुटमळला, मग म्हणला, "खरं सांग. शटर वर जातंय न जातंय तवर तुझं मशीन सुरू हुतंय. एवढी रोजची ऑर्डर कुणाची रं?"

"ते सांगता यायचं न्हाई," मी म्हणलं.

त्याचं तोंड बघायला पायजे हुतं. दुसऱ्या दिवसापास्नं मी दोन फोटो काढतो.